बोलले तर गर्विष्ठ, गप्प बसले तर नम्र?

पत्र थोडक्यात: बेळगावजवळच्या खानापूर बाजूच्या एका ताईंनी लिहिलंय. वय पंचेचाळीसच्या पुढं, शाळेत शिकवतात, घरी नवरा आणि 78 वर्षांच्या सासूबाई, मुलगा बेंगळुरात नोकरीला. तीन पिढ्या ख्रिस्ती घर, घरात मराठी. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी आधी मराठी आणि मग कन्नड अशा दोन उपासना व्हायच्या. मराठीला माणसं कमी होत गेली म्हणून कमिटीनं दोन्ही एकत्र केल्या. आता जवळजवळ सगळं कन्नडात, मराठीचं एक गीत, कधीतरी एक वाचन. ताई लिहितात की पूर्वी तर कन्नडवालेही मराठी उपासनेलाच बसायचे. जनरल मिटिंगमध्ये त्या उभ्या राहून बोलल्या, आवाज चढला, "माझ्या सासऱ्यांनी या चर्चचं छप्पर घातलंय" असंही बोलून गेल्या. त्यावर कमिटीतले एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, "ख्रिस्ती बाईला जरा नम्रता पाहिजे." तेव्हापासून ताईंनी जाणं बंद केलंय, मोबाईलवर पुण्यातली मराठी उपासना बघतात. सासूबाई मात्र जातात, रिक्षा करून. नवरा म्हणतो, देव घरातपण आहे, कशाला वाद. ताई विचारतात: नम्रता म्हणजे गप्प बसणंच का? घरात बसून विश्वास टिकतो का? आणि हे लोक बदलतील अशी आशा धरायची का सोडून द्यायची?

---

ताई,

तुमचं पत्र लांबलचक आहे आणि त्यातलं बहुतेक सगळं त्या एका मिटिंगबद्दल आहे. कोण कुठं बसलं होतं, कोण हसलं, कुणी मान खाली घातली. सासूबाईंबद्दल मात्र एकच ओळ. त्यांना कन्नड जेमतेम कळतं असं तुम्हीच लिहिलंय, तरी दर रविवारी त्या एकट्या रिक्षानं जातात, खानापूरच्या पावसातसुद्धा. कशाला जातात हे तुम्ही त्यांना विचारलंय का कधी? विचारलं असतं तर पत्रात आलं असतं असं मला वाटतं. ते राहू दे, त्यावर परत येतो.

आधी त्या नम्रतेचं बघू. चारचौघांत एखाद्या बाईला नम्रता पाहिजे म्हणणं हा तिला खाली बसवायचा सोपा उपाय आहे आणि तो फक्त चर्चमध्येच चालतो असं नाही, भजनी मंडळात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या मिटिंगमध्ये सगळीकडं चालतो. पवित्र शास्त्रात नम्रतेचं सगळ्यात मोठं चित्र कुठलं, तर योहानाच्या 13 व्या अध्यायातलं. कंबरेला रुमाल बांधून पाय कोण धुतो? येशू धुतो, म्हणजे गुरू धुतो, शिष्यांचे. म्हणजे ज्याच्या हातात अधिकार आहे तो वाकतो. त्या दिवशी माईक आणि प्रोसिडिंग बुक ज्यांच्या हातात होतं त्यांनी आधी वाकायला हवं होतं आणि तुम्हाला विचारायला हवं होतं, अक्का तुमचं म्हणणं नेमकं काय आहे, बसा, सांगा. ते झालं नाही. तुम्हाला लागलं ते बरोबरच लागलं.

पण ताई, तीच फूटपट्टी जरा छपराच्या वाक्यालाही लावूया. ते वाक्य पत्रात दोनदा आलंय, म्हणजे ते तुम्हालाच टोचतंय. सासऱ्यांनी छप्पर घातलं ते देवासाठी घातलं असेल, मग त्याची पावती आपण मिटिंगमध्ये काढून दाखवली की ते दान राहत नाही, शेअर होतो, आणि शेअर म्हटलं की समोरचापण आपला शेअर काढतो, की माझ्या बापानं फरशी घातली, माझ्या मामानं घंटा दिली. बोलणं चुकलं असं मी म्हणत नाही, बोलायलाच हवं होतं, ते एक वाक्य सोडून.

आता एक गोष्ट सांगतो, तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकली असणार पण या बाजूनं कुणी सांगितली नसेल. प्रेषितांची कृत्ये, 6 वा अध्याय. यरुशलेममधली पहिली मंडळी, अजून सगळं नवीन, माणसं वाढायलीत. तिथं दोन भाषांचे लोक होते, ग्रीक बोलणारे यहूदी आणि इब्री. रोज विधवांना अन्नवाटप व्हायचं आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा त्यात सुटून जायच्या. कुरकुर सुरू झाली. म्हणजे बघा, भाषेवरनं भांडण मंडळीच्या अगदी पहिल्या काळातलं आहे, आपल्या बेळगावनं काढलेलं नाही. प्रेषितांनी काय केलं? तुमच्यात नम्रता नाही असं कुरकुर करणाऱ्यांना कुणी म्हणालं नाही. बारा जणांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुमच्यातनं चांगल्या नावाचे सातजण निवडा, हे काम त्यांच्याकडं देऊ. आणि निवडलेल्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव, सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटपाचा डबा दिला, असंच यावरनं दिसतं. तुमच्या कमिटीनं हा अध्याय एकदा मिटिंगच्या सुरुवातीला वाचावा, लई कामाचा आहे.

पण त्या कुरकुरीत एक गोष्ट होती, ती तुमच्या पत्रात नाही. त्यांची तक्रार नेमकी होती. या या बायकांना भाकरी पोचत नाही. आमच्या भाषेचा अपमान झाला, असं कुणी म्हणालं नाही. तुमच्या पत्रात "मराठीचा अपमान" हे आहे, पण भाकरी नेमकी कुणाला पोचत नाही ती नावं नाहीत. तुम्हाला स्वतःला तर कन्नड चांगलं येतं, शाळेचं सगळं कागदपत्र कन्नडात करते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे उपदेश तुम्हाला कळतो. तुमचं दुःख वेगळं आहे, ते खरं आहे, कळणं वेगळं आणि आपल्या भाषेत रडता येणं वेगळं. पण ज्यांना काहीच कळत नाही अशी माणसं किती आहेत? सासूबाई आणि अजून कोण? पाच? बारा? आणि अजून एक टोचणारा प्रश्न विचारतो, रागावू नका. पूर्वी कन्नडवालेही मराठी उपासनेलाच बसायचे असं तुम्ही लिहिलंय, अभिमानानं लिहिलंय. तेव्हा त्यांच्यातली एखादी अज्जी काही न कळता वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर बसली असेल ना ओ?

आपल्याकडं भाषा म्हटली की एकटी येत नाही, तिच्या मागनं 1956 ची राज्य पुनर्रचना येते, सीमावादाचा महाजन आयोग येतो, दुकानाच्या पाट्या येतात, बसवरची अक्षरं येतात. 1 नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या बाजूला काळा दिन, आणि चर्चच्या कॅलेंडरमध्ये त्याच तारखेला सर्व संतांचा दिवस, हे बघून मला दरवर्षी गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. रस्त्यावरचं भांडण रस्त्यावर खरं आहे, त्यावर ज्याचं त्याचं मत असू दे, माझंही आहे. पण तुम्ही मिटिंगमध्ये उभ्या राहिलात तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात तुमचं बोलणं गेलंच नसणार, महाराष्ट्र एकीकरण समितीचं भाषण गेलं असणार, आणि त्यांनी उत्तर दिलं तेही तुम्हाला दिलं नसणार. दोघंही आपापल्या जुन्या भांडणाशी बोलत होता.

म्हणून मराठीचा आग्रह सोडा असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं, सगळ्यांनी आधी एक भाषा शिकून या असं कुणी सांगितलं नाही. पंडिता रमाबाई बघा. जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या घाटातल्या रानात, घर मराठी. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये वारल्या तोपर्यंत पवित्र शास्त्र मराठीत आणायचं काम करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. आपल्या भाषेत देवाचं वचन हवं म्हणणं गर्व असेल तर ती बाई सगळ्यात गर्विष्ठ ठरेल. आग्रह धरा. फक्त तो मान मागण्यासाठी न धरता भाकरी पोचवण्यासाठी धरा, एवढाच फरक मी सांगतोय, आणि तो समोरच्याला लगेच कळतो.

आता मोबाईलचं. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, देव घरात आहेच. आजारी माणसाला, शिफ्ट ड्युटीवाल्याला, अंथरुणाला खिळलेल्याला मोबाईलवरची उपासना म्हणजे मोठा आधार आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तुमचं तसं काही नाही. पुण्याची क्वायर सुरात गाते, साउंड सिस्टीम भारी, उपदेश बरोबर पस्तीस मिनिटांत संपतो आणि कंटाळा आला तर पुढं ढकलता येतो. तिथं तुमच्याकडं कुणी काही मागत नाही. तुम्ही एक रविवार बघितलं नाही तर कुणाला कळत नाही. इब्री लोकांस पत्राच्या 10 व्या अध्यायात एकत्र जमणं सोडू नका असं आहे ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आदल्या वचनात कारण दिलंय ते कुणी सांगत नाही: प्रेम आणि चांगली कामं करायला एकमेकांना उत्तेजन देण्यासाठी. एकमेकांना. मोबाईलला तुम्ही कसलं उत्तेजन देणार?

सासरे गेले तेव्हा कोण कोण आलं होतं ते आठवा. रात्री चहाचं पातेलं कुणी आणलं, खड्डा खणायला कुणाची पोरं गेली, तिसऱ्या दिवशी घरात बसायला कोण आलं. त्यातली निम्मी माणसं कन्नड बोलणारी असणार, खानापूर-बेळगावात दुसरं काय असणार. उपासना सुटल्यावर पायरीवर चपला शोधताना "ऊट आतेन्री अक्का?" (जेवण झालं का अक्का?) म्हणून विचारणारी बाई पुण्याच्या चॅनेलवर नाही, आणि सासूबाई कदाचित तेवढ्यासाठीच रिक्षाचे पैसे घालत असतील. कदाचित उपदेश कळतो की नाही याचं त्यांना तुमच्याएवढं वाटतच नसेल. म्हणून आधी त्यांना विचारा. न विचारता "बघा, माझ्या सासूला काही कळत नाही" म्हणून त्यांना पुढं करू नका, म्हाताऱ्या माणसाला असं पुढं केलेलं आवडत नाही.

इथं एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी, कारण अशी पत्रं कॅथलिक चर्चमधल्या कोकणी-मराठीच्या मिसाबद्दलही येतात आणि देवळाच्या ट्रस्टबद्दलही. मंडळीत टिकून राहा हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. जिथं मारहाण आहे, पैशांची अफरातफर आहे, जात बघून वेगळं बसवतात, बायका-पोरांना त्रास दिला जातो, तिथं नम्रता म्हणून सहन करायचं नाही, वरच्या अधिकाऱ्यांकडं लेखी जायचं, गरज पडली तर पोलिसात जायचं आणि बाहेर पडायचं. मन दुखावणं आणि धोका असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं मन दुखावलंय ताई, धोका नाही.

मग करायचं काय. बेळगावात मराठी उपासना शोधून तिकडं जाता येईल, पंचवीस-सव्वीस किलोमीटर, एक बस. नवीन माणसं, जुनं भांडण नाही. वाईट पर्याय नाही, पण सासूबाई तुमच्याबरोबर येणार नाहीत असं मला वाटतं, आणि ज्या चार म्हाताऱ्यांना मराठी हवंय त्या तिथंच राहतील. दुसरं म्हणजे काही न बोलता पुढच्या रविवारी जाऊन मागं बसायचं. दिसायला हे लई नम्र दिसतं. पण आत सगळं तसंच धुमसत राहणार आणि सहा महिन्यांत परत स्फोट. मला यापेक्षा जरा जड वाटणारी गोष्ट सुचवायचीय.

ज्यांनी तुम्हाला बोललं त्यांच्या घरी जा. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात हाच क्रम आहे, आधी दोघांतच बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढं. आपण नेमकं उलटं करतो, आधी मंडळीपुढं, मग व्हॉट्सअप ग्रुपवर आणि समोरासमोर कधीच नाही. फोन नको, मेसेज तर नकोच. नवऱ्याला ओढून नेऊ नका, त्याला वाद नको असेल तर नको, पण एखादी समजूतदार बाई बरोबर असली तरी चालेल, दाराबाहेर थांबली तरी चालेल. आणि बोलायचं एवढंच: "सासऱ्यांच्या छपराचं मी बोलले ते बोलायला नको होतं, त्याची माफी मागते. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. आणि मराठीचं माझं म्हणणं अजून तेच आहे, ते वेगळं बोलू." माफी तेवढ्याच वाक्याची, मागणीची नाही. बायकांची सवय असते, एका गोष्टीची माफी मागताना सगळंच मागं घेऊन टाकायचं, चुकलं माझं, राहू दे म्हणायचं. तसं करू नका. ते काय उत्तर देतील ते तुमच्या हातात नाही. कदाचित चहा देतील, कदाचित तोंड वाकडं करतील.

मग यादी. वही घ्या आणि ज्यांना कन्नड उपदेश खरंच कळत नाही त्यांच्या घरी जाऊन नावं लिहा. त्यांना काय हवंय ते विचारा, तुम्हाला काय हवंय ते सांगू नका. कुणाला वाचन हवं असेल, कुणाला प्रभुभोजनाच्या वेळची प्रार्थना तरी मराठीत हवी असेल, कुणी म्हणेल मला काही नको, फक्त जुनी गीतं म्हणा. ती यादी घेऊन पाळकांकडं आणि सेक्रेटरींकडं लेखी अर्ज, मराठीत आणि कन्नडात दोन्ही, आणि ठरावात नोंद करा म्हणून स्पष्ट सांगा. मागणी लहान आणि मुदतीची ठेवा: तीन महिने, शास्त्रवाचन दोन्ही भाषांत, उपदेशाचा सारांश मराठीत अर्ध्या पानावर. आणि तो सारांश मी करते असं खाली लिहा. दोन्ही भाषा येणारी, फळ्यावर स्वच्छ अक्षर काढणारी बाई तुम्हीच आहात की. पाळकांकडनं शनिवारी मुद्दे घ्यायचे, त्यातनं अर्धं पान करायचं, वीस झेरॉक्स. (शनिवारी रात्रीपर्यंत बऱ्याच पाळकांचा उपदेश तयार नसतो हे मला माहीत आहे, त्यामुळं कधी कधी झेरॉक्सवाल्याला सकाळी उठवावं लागेल.) आठवड्यातनं एकदा कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थना ठेवा, आणि कन्नडवाल्या शेजारणीलाही बोलवा, तिच्यासाठी एक गीत कन्नडात म्हणा. तुम्हाला त्या मिटिंगमध्ये कुणाकडनं मिळालं नाही ते तुम्ही तिला देऊ शकता.

राहिली आशा. हे लोक बदलतील का? मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मराठीला माणसं वाढतील असं तुम्हालाही वाटत नाही. तुमचा मुलगा बेंगळुराहून परत येणार नाही, बाकीच्यांची पोरंही नाहीत. मग कसली आशा धरायची? यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय काढा. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलाय, शहर पडणार हे त्यानं स्वतःच सांगितलंय, त्यापायी तो कैदेत आहे. अशात त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत घे. आणि हा घेतो! 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार आणतो, खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की हे मातीच्या भांड्यात ठेव, लई दिवस टिकलं पाहिजे. आपल्याकडं माणूस तहसीलदार ऑफिसात पहाणी-उताऱ्यासाठी खेपा घालतो तसलं काम. खानापूर कुंभारकामाचं गाव, तिथल्या माणसाला मातीचं भांडं किती टिकतं हे वेगळं सांगायला नको. सगळं हातातनं चाललंय हे माहीत असताना त्यानं कागद नीट केले, पैसे मोजून दिले. छान वाटणं वगैरे त्यात काही नव्हतं.

तुमच्या अनाथोथच्या शेताला काय म्हणता येईल, तर मराठी उपासना पन्नास वर्षं चालेल असं नाही, पण यादीतल्या शेवटच्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत वचन पोचेल, हे. त्याच वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक गोष्ट अजून लिहून घ्या: त्यांच्या अंत्यविधीला कुठलं मराठी गीत म्हणायचं. विचारायला अवघड वाटेल, पण म्हातारी माणसं यावर मोकळेपणानं बोलतात, उलट खूश होतात, दोन-दोन गीतं सांगतात आणि मग एक कडवं म्हणूनही दाखवतात. ती गीतं येणारी चार माणसं तयार करा. त्यात कन्नड घरातली दोन पोरं असली तर लई चांगलं, इकडच्या पोरांना दोन्ही भाषा येतातच, फक्त कुणी बोलावत नाही.

वेळेचं एक सांगतो. नाताळच्या कार्यक्रमाची यादी बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरात पक्की होते, एकदा झाली की कुणी हलवत नाही. तुमचा अर्ज ऑक्टोबरच्या आत जाऊ दे, आणि घरी जाऊन बोलायचं ते त्याच्याही आधी. मराठी गीतं किती ते विचाराच, आणि कन्नड गीतांच्या प्रॅक्टिसलाही नाव द्या, वरच्या सुरातल्या बायका सगळ्याच क्वायरमध्ये कमी असतात, तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.